एका माणसाला दोन खोल्या

किल्ली एकदाच फिरली आणि दार उघडलं. सकाळी निघताना मी दोन फेऱ्या देते. इथल्या कुलपांना दोन फेऱ्या असतात. पहिलीनं दार नुसतं लागतं, दुसरीनं ते बंद होतं. नव्या घरात येऊन मला सोळा दिवस झाले होते आणि सोळाही दिवस मी दुसरी फेरी दिली होती, शिवाय जिन्याचं एक वळण उतरून, पुन्हा वर येऊन, दार ढकलून पाहिलं होतं. तेव्हा किल्ली एका फेरीत फिरली याचा अर्थ एकच. माझ्यामागे कुणीतरी आत येऊन गेलं होतं, नाहीतर अजून आतच होतं. मी उंबऱ्याबाहेर तशीच उभी. खांद्याला पिशवी, पिशवीत पाव आणि दूध. आधी वाटलं चोर. मग वाटलं, चोर जाताना दार कशाला ओढून घेईल, त्याला कुठली आलीय एवढी रीत. मग इमारतीचा देखरेखवाला आठवला. पण तो तिसऱ्या मजल्यापर्यंत चढणाऱ्यांतला नाही. त्याचं सगळं जग खालच्या चार रंगांच्या कचऱ्याच्या डब्यांत मावतं. पहिल्या आठवड्यात मी काचेच्या डब्यात बरणी झाकणासकट टाकली, तर त्यानं ती शोधून काढून माझ्या पत्रपेटीवर आणून ठेवली होती, झाकण वेगळं, बरणी वेगळी. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी आयुष्यातलं पहिलं घर स्वतःच्या सहीनं घेतलं, भाड्याचं का असेना, आणि सतराव्या दिवशी त्याच घराच्या दाराला कान लावून चोरासारखी मीच उभी होते. आतून आवाज नव्हता. वास मात्र आला. पुसलेल्या फरशीचा, लिंबाच्या साबणाचा. हा वास मला अकरा वर्षं पाठ होता. भीती तिथेच गेली, आणि तिच्या जागी जे आलं ते जास्त वाईट होतं, कारण त्याला काय म्हणायचं तेच मला कळेना.

वहिनी येऊन गेल्या होत्या. किल्ली मीच दिली होती. वॉशिंग मशीन आणून देणाऱ्यांनी कळवलं होतं की ते मंगळवारी सकाळी आठ ते दुपारी दोन यांच्या मधे कधीही येतील. या देशात माणसं मिनिटाला मिनिट जोडून जगतात, फक्त मशीन आणून देणाऱ्यांना सहा तासांची सूट आहे. मला रजा मिळेना, वहिनींना मंगळवारची सुट्टी, म्हणून किल्ली त्यांच्या हातात दिली. मशीन आलं, लागलं, त्यात माझ्या दोन चादरी धुऊनही झाल्या. किल्ली राहिली. नंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा ती दाराजवळच्या खुंटीवर, त्यांच्या जुडग्यात, त्यांच्या तळघराच्या आणि सायकलच्या किल्ल्यांच्या मधे अडकवलेली मला दिसली. लाल टोपीची माझी किल्ली. मी पाहिलं आणि काही बोलले नाही. आपल्यात दिलेली किल्ली परत मागत नाहीत. साखर मागता येते, छत्री मागता येते, उसना दिलेला मोठा डबासुद्धा दोनदा आठवण करून मागता येतो. पण किल्ली मागितली की त्याचा अर्थ निघतो. मी तो अर्थ निघू दिला नाही, भाजी वाढून घेतली आणि जेवले. चूक तिथे झाली.

आत गेले. कुणी नव्हतं. सकाळी सोडून गेलेलं माझं घर मात्र तिथे नव्हतं. खोक्यांचा डोंगर गेला होता. स्वयंपाकघरात फळीवर डबे ओळीनं लागले होते आणि प्रत्येकावर वहिनींच्या गोल अक्षरात चिकटपट्टी: साखर, मीठ, तांदूळ. मीठ कुठलं आणि साखर कुठली हे मला कळणार नाही, अशी त्यांना काळजी वाटली असावी. खिडकीला पडदे आले होते, त्यांच्याकडचेच जुने, इस्त्री करून, कडा मारून आखूड केलेले. पलंगाची दिशा बदलली होती. मी तो खिडकीकडे पाय करून लावला होता, पहाटे डोळे उघडले की समोरचं झाड दिसावं म्हणून. आता पाय भिंतीकडे आणि डोकं खिडकीकडे. डोक्याला वारा लागेल म्हणून उशीमागे एक जाड पांघरूण गुंडाळून ठेवलेलं. कपाट उघडलं. कपडे लावले होते, आतले कपडेसुद्धा, वहिनी त्यांच्या मुलींच्या कपड्यांना घालतात तशा तीन घड्या घालून. मी ते कपाट झटकन बंद केलं, कुणी बघत असल्यासारखं. छताला तीन ठिकाणी नुसत्या तारा लोंबत होत्या, आधीचा भाडेकरू जाताना दिवेसुद्धा काढून घेऊन गेला होता. तिथे आता दिवे. म्हणजे दादाही येऊन गेला होता. खुर्चीवर चढून, मान वर करून, गुडघा दुखत असताना त्यानं माझे दिवे लावले होते. यावर कसं रागवायचं? मला रागवायचं होतं, अगदी टाळूपर्यंत राग भरला होता, पण त्याला धरायला कुठे मूठच सापडेना. जिकडे हात घालावा तिकडे माया. वाईट माणसांवर रागावणं किती सोपं असतं. त्यांनी मारलं, लुबाडलं, टाकून बोललं, की आपण मोकळे. माझ्या भावानं माझे दिवे लावले होते.

मग मी दुसऱ्या खोलीचं दार उघडलं. ही खोली मी रिकामी ठेवली होती. सामान आलं नव्हतं म्हणून नव्हे. ती तशीच ठेवायची म्हणून ठेवली होती. लाकडी जमीन, एक खिडकी, चार भिंती, बस्स. संध्याकाळी कामावरून आले की मी त्या खोलीत जायचे, दार लावायचे, भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसायचे. किती वेळ ते पाहायचे नाही. आता तिथे एक सुटी खाट होती, लोखंडी पायांची, नुकती जोडलेली, वर चादर टाकलेली. तिच्याशेजारी छोटं टेबल आणि खुर्ची, टेबलावर दिवा. दारामागे चार हँगर. खुर्चीवर नवा टॉवेल, आणि टॉवेलवर न फोडलेली साबणाची वडी. पाहुण्याचं सगळं. मी वहिनींना फोन लावला.

"अगं, तुला सांगायचंच राहिलं बघ," वहिनी म्हणाल्या. पाठीमागे मुलींचा गोंधळ. "माझा मावसभाऊ येतोय, तो वेल्डर. त्याचं इथलं काम ठरलं. रविवारी पोचतोय. म्हटलं तुझ्याकडे एक खोली नुसतीच पडलीय. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न. तू बसू नकोस काही करत, आम्ही सातला गादी घेऊन येतोच. आणि हे बघ, डबे नीट बघितलेस ना? तेल खालच्या फळीवर ठेवलंय, वर ठेवलं तर तुझा हात पुरायचा नाही."

"बघितलं," मी म्हटलं. फोन ठेवला तेव्हा साडेपाच झाले होते.

दोन-तीन महिने. मीही तेवढ्यासाठीच आले होते. वहिनींना जुळ्या मुली झाल्या, दादाची तेव्हा कामावर पाळी असायची, कधी सकाळी, कधी दुपारी, आणि आई नुकतीच गेलेली. आईचं सगळं मीच केलं होतं, सहा वर्षं, अंथरुणातच. तिच्या तेराव्यानंतर दादा फोनवर म्हणाला, बारके, तू आता तिथे एकटी काय करणार, ये इकडे तीन महिने, हिला हात होईल आणि तुलाही बदल. मला घरात बारकी म्हणतात. सगळ्यांत धाकटी म्हणून. छत्तीस वर्षांची बारकी दोन बॅगा घेऊन विमानातून उतरली आणि एक मूल या खांद्यावर, एक त्या खांद्यावर अशी जी उभी राहिली ती मुली पाचवीत जाईपर्यंत. कुणी मला डांबून ठेवलं नाही, हे आधीच सांगते. दादानं माझी कागदपत्रं केली, भाषेच्या वर्गाला घातलं, माझं जुनं शिक्षण इथे मान्य व्हावं म्हणून कचेऱ्यांत माझ्या शेजारी तास तास बसला. ती भाषा मी शिकले, पण अजून तिच्यात मला भूतकाळ नीट येत नाही. त्या भाषेत मी कायम वर्तमानातच असते: मी येते, मी राहते, मी करते. त्यांच्या घरात दोन झोपायच्या खोल्या. एक त्यांची, एक मुलींची. माझी जागा बसायच्या खोलीच्या टोकाला, बाल्कनीकडे जायच्या वाटेवर. पडदा लावला होता, चांगला जाड, वहिनींनी स्वतः शिवलेला. बाल्कनीत कपडे वाळत. ते वाळत घालायला आणि काढायला, झाडांना पाणी घालायला, दादाला सिगारेट ओढायला, मुलींना खाली मैत्रिणी आल्यात का ते बघायला, सगळ्यांना माझ्या पलंगाला वळसा घालून जावं लागे. सगळे हळूच जात. हळूच जाणाऱ्या माणसाचा आवाज फार मोठा असतो. मी झोपेतही एक कान उघडा ठेवायला शिकले, आणि जागेपणी कुणी आत आलं तर आपण काहीतरी करत होतो असं दाखवायलाही शिकले. नुसती बसलेली सापडले की दादा काळजीनं विचारायचा, "काय गं, बरं नाही का?" मग मी हातात एखादा मोजा घ्यायचे, घडी घालायला. अकरा वर्षांत मी किती मोजे जुळवले असतील!

घर शोधायला लागले तेव्हा घरी सांगितलं नाही. दुपारच्या सुट्टीत जाऊन बघायचे. इथे एक घर बघायला वीस-वीस माणसं जिन्यात रांगेनं उभी राहतात, प्रत्येकाच्या हातात एकेक फाइल, चेहऱ्यावर आपण फार स्वच्छ आणि फार शांत असल्याचा भाव. घर दाखवणारी बाई प्रत्येकाला तेच विचारायची. "किती माणसं?" मी म्हणायचे, एक. "मग एका खोलीचं बघा की. एका माणसाला दोन खोल्या कशाला?" पहिल्या बाईला मी म्हटलं, पाहुणे येतात. दुसरीला म्हटलं, शिवणकाम करते. तिसरीला म्हटलं, भाचरं राहायला येतात. तिन्ही घरं गेली. या घराची बाई चौथी. तिनंही तेच विचारलं, आणि त्या दिवशी मला थापा मारायचा इतका कंटाळा आला होता की मी त्या भाषेतलं मला येणारं सर्वांत सोपं वाक्य बोलून टाकलं: मला पाहिजे. बाईनं माझ्याकडे पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि आठवड्यानं घर मिळालं. पुढे नवा पत्ता नोंदवायला कचेरीत गेले. कारकुनानं संगणकाच्या पडद्यावर बघत विचारलं, सोबत कोण राहणार? कुणी नाही. त्यानं पुन्हा विचारलं, भाषा कळली नसेल म्हणून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मीही एकेक शब्द सुटा करून सांगितलं. कुणी. नाही. सांगताना इतकं बरं वाटत होतं की त्यानं तिसऱ्यांदा विचारलं असतं तरी चाललं असतं. घरी सांगितलं तेव्हा मात्र दादा सिगारेट घेऊन बाल्कनीत गेला. वहिनी म्हणाल्या, "आमचं काही चुकलं का गं?" मी म्हटलं, नाही हो. आणि ते खरंच होतं, हीच तर पंचाईत.

आणि आता मी पाहुण्याच्या खाटेकडे बघत दारात उभी होते. मनात दोन्ही बाजूंचे वकील उभे राहिले. एक म्हणाला, तीन महिने तर आहेत, माणूस परका नाही, तुलाही कुणी असंच ठेवून घेतलं होतं, विसरलीस? तुझ्यासाठी जागा केली तेव्हा त्यांनी हिशोब मांडला होता का? दुसरा वकील काही बोलेना. माझ्या बाजूचा वकील नेहमीच असा बावळट निघतो. मी सहा तास त्याच्या तोंडाकडे बघितलं असतं तरी तो म्हणाला असता, जाऊ दे. मला कामावरची ती कवळी आठवली. मी दात करते. दंतवैद्यांकडून तोंडाचे ठसे येतात, त्यांत प्लास्टर ओतायचं, वरचा जबडा आणि खालचा जबडा बिजागरीवर बसवायचा, मेणात एकेक दात रोवायचा, माणसाच्या वयाला शोभेल असा थोडा पिवळा, थोडा वाकडा. मागच्या महिन्यात एक कवळी परत आली. दिसायला देखणी, चावायला पक्की, कुठे टोचत नव्हती, तरी म्हातारी बाई सांगत होती की संध्याकाळ झाली की माझा चेहरा दमतो. आमच्याकडे एक सगळ्यांत जुना कारागीर आहे, आम्ही त्याला उस्ताद म्हणतो. त्यानं कवळी बिजागरीवर चढवली, एकदा बघितली आणि म्हणाला, फट नाही. माणूस गप्प बसलेला असतो तेव्हा त्याचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागत नाहीत. मधे दोन-तीन मिलिमीटर जागा असते. ती कशासाठीच नसते, तिथे काही होत नाही, पण ती नसली तर जबड्याला विसावा मिळत नाही, माणूस दिवसभर दात आवळून बसतो आणि त्याला कळतही नाही का दमलो ते. बाईच्या कवळीत ती फट कुणीतरी खाऊन टाकली होती. उस्तादानं सगळे खालचे दात काढून पुन्हा खाली बसवले. मी त्याला मेण तापवून देत होते आणि माझाच जबडा दुखत होता.

पण हे म्हणजे दादाला सांगायचं काय? तोंडात फट असते म्हणून तुझ्या मेहुण्याला घेत नाही? हसायला आलं. मग लक्षात आलं की मी केव्हापासून कारण शोधतेय. पाहुणे, शिवण, भाचरं आणि आता कवळी. चार थापा चार बायकांना पुरल्या असत्या. माझ्याच घरात, माझ्याच खोलीबद्दल, मला पटेल असं कारण मी मलाच विचारत होते, आणि नाही मिळालं तर खोली सोडायला तयार होते. तेव्हा जो राग इतका वेळ मूठ शोधत होता त्याला मूठ सापडली. तो दादावर नव्हता, वहिनींवर नव्हता. मी बाहेरच्या दाराशी गेले, माझी किल्ली आतून कुलपात घातली, दोन फेऱ्या दिल्या आणि तिथेच राहू दिली. आतून किल्ली असली की बाहेरची आत जात नाही, हे मला देखरेखवाल्यानं पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं, चूक करू नका म्हणून. मग खाटेखालचं ते स्क्रू काढायचं वाकडं दांडकं शोधलं आणि जमिनीवर मांडी ठोकली. दादानं स्क्रू आवळले होते ते त्याच्या जोरानं. पहिला हलेना. तळहाताची साल निघाली. पण दात बसवणाऱ्या बाईच्या बोटांत चिकाटी असते. दुसरा सुटला, मग पहिला, मग सगळे. चार पाय, दोन कडा, बारा फळ्या. चादरीची घडी केली, तीन घड्यांची. टॉवेल, साबण, हँगर एका पिशवीत. टेबल-खुर्चीसकट सगळं दाराच्या आतल्या छोट्या मोकळ्या जागेत भिंतीला टेकवून ठेवलं. पलंगही पुन्हा फिरवला, खिडकीकडे पाय. पडदे ठेवले. पडदे चांगले होते. दिवेही ठेवले, ते तर मला हवेच होते. डब्यांवरच्या चिकटपट्ट्याही राहू दिल्या, सगळंच काही फाडून टाकायला मी सुटले नव्हते.

सातला दोन मिनिटं असताना कुलपात बाहेरून खटखट झाली. किल्ली आत जाईना. पुन्हा खटखट. "तूच लावून बघ," वहिनींचा आवाज. "अगं हीच ना ती? लाल टोपीची?" दादाचा. मी दाराच्या या बाजूला उभी होते, हात पाठीमागे बांधून. अजून एकदा खटखट, आणि मग बेल वाजली. माझ्या घराची बेल मी पहिल्यांदाच ऐकली. इतके दिवस ती कशी वाजते हेच मला माहीत नव्हतं. मी दार उघडलं.

"आतून किल्ली का लावून ठेवतेस?" दादानं खांद्यावरची गुंडाळलेली गादी भिंतीला टेकवली. घाम आला होता त्याला, लिफ्टमधे गादी मावली नसणार. "काही झालं तर आम्ही आत यायचं कसं?" मग त्याला भिंतीशी रचलेल्या फळ्या दिसल्या. "हे काय? मोडली?"

"काढली," मी म्हटलं. "दादा, इथे कुणी राहायला येणार नाही."

वहिनींनी आधी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दादा हसला. लहानपणी मी रुसले की हसायचा तसंच. "बारके, अगं माणूस परवा उतरतोय. त्याला काय सांगू? तो जाणार कुठे?"

"तुमच्याकडे. माझी जागा रिकामी झालीच आहे की."

"तिथे?" दादा म्हणाला. त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "अगं तो मोठा माणूस, दिवसभर राबून येणार, त्याला जरा टेकायला नको का? तिथे कसा राहील एखादा? येता-जाता सगळे अंगावरून जाणार. त्या जागेला साधं दार तरी आहे का?"

दादाचा हात फळीवर होता, तो तसाच राहिला. आपण काय बोललो हे त्याला आपल्याच कानांनी ऐकू येत होतं आणि ते हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उतरत होतं. मी बघत होते. मला वाटलं होतं असा क्षण कधी आला तर मी रडेन, किंवा अकरा वर्षांचं सगळं काढीन, मोजे, सिगारेट, बाल्कनी, सगळं. पण मला इतकं मोकळं वाटलं की काय सांगू. माझा बावळट वकील बसला होता तिथे बसला होता आणि खटला दादानंच लढून जिंकून दिला होता.

"तुझं वेगळं होतं," शेवटी तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "तू घरातली. तुला चालायचं."

"मला चालायचं नाही, दादा. मी चालवून घ्यायचे. तुझ्यावर राग नाही माझा, खरंच नाही. पण आता नाही चालवून घेणार."

"पण मग ती खोली तुला हवी कशाला?" तो जरा चिडून म्हणाला, हरलेला माणूस चिडतो तसा. "देव ठेवणारेस? शिवणार आहेस? काय करणारेस काय तिथे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. बसणार. दार लावून."

त्यानं वहिनींकडे पाहिलं, आता तू तरी सांग हिला, अशा नजरेनं. वहिनी त्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या. "आणि वहिनी, माझी किल्ली," मी म्हटलं. हे बोलायला मला बाकी सगळ्यापेक्षा जड गेलं. दादा म्हणाला, "किल्ली तरी असू दे, एकटी राहतेस, उद्या पडलीस-झडलीस तर?" मी म्हटलं, "तर दार तोडा. लोक तोडतात." वहिनींनी जुडगा काढला. त्या कड्यात नख घालून ते उचकटायला लागल्या. कडं घट्ट होतं, नख वाकलं, तरी त्या दादाकडे मदतीला बघेनात. तळघराची किल्ली सरकवली, सायकलची सरकवली, आणि लाल टोपीची किल्ली फिरत फिरत बाहेर आली. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. तळहातावरची साल त्यांना दिसली.

दादानं फळ्या उचलल्या. चार एका काखेत, चार दुसरीत, आणि पायानं दार ढकलत लिफ्टकडे गेला. मला वाटलं, वहिनी त्याच्यामागे जातील. त्या उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "बघू जरा खोली?" मी दार उघडून दिलं. खोलीत आता काहीच नव्हतं, खाटेच्या पायांचे चार बारीक ठसे तेवढे जमिनीवर. खिडकीतून संध्याकाळचं ऊन लांबपर्यंत आलं होतं. वहिनी मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. एक भिंत बघितली, दुसरी बघितली. एकोणीस वर्षं झाली त्यांच्या लग्नाला. त्यांची खोली त्यांची आणि दादाची, त्यातल्या कपाटात मुलींचे हिवाळी कपडे, पलंगाखाली माझ्या बॅगा. त्या कधी आणि कुठे एकट्या बसायच्या ते मी आठवून पाहिलं. एकही जागा आठवली नाही. अकरा वर्षं मी त्यांच्या घरात राहिले, आणि हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

"मी जरा बसू का गं इथे?" त्या म्हणाल्या. "पाचच मिनिटं."

"बसा की."

"दार लावून?"

मी बाहेर आले. त्यांनी आतून दार लावलं. आधी बांगड्या वाजल्या, मग त्याही थांबल्या. दादा दुसऱ्या खेपेला वर आला, गादीला हात घालता घालता थांबला.

"ही कुठे गेली?"

"आत आहेत."

"काय करतेय आत?"

"काही नाही."

तो दाराकडे निघाला, हाक मारायला तोंडही उघडलं त्यानं. मी मधे जाऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी दादाची वाट अडवली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून त्या बंद दाराकडे पाहिलं, आणि मग गुंडाळलेल्या गादीवर बसला, दुखरा गुडघा लांब करून.

"बरी आहे ना ती?" त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं.

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. "तू थांब."